खड्ड्यातला आवाज

"तो मागे बोलणारा माणूस कोण आहे?" देवस्थळी सरांनी विचारलं.

ते पुण्याहून वडशाला आले होते आणि माझ्या घरात बसल्यावर हा त्यांचा पहिला प्रश्न होता. टेबलावर त्यांचा लॅपटॉप उघडा होता. त्यातून माझ्या बायकोचा आवाज येत होता. पंचफुलाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

"तो मीच," मी म्हणालो.

"पण तुम्ही का बोलताय?"

"मी बोललो नाही तर ती कशी बोलणार?"

त्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं. रोशनी पुण्यात त्यांच्याच कंपनीत कामाला होती. व्हिडिओ गेम बनवायची कंपनी. तिने चहाचे कप उचलले आणि आत निघून गेली. कप अजून भरलेले होते.

सरांना सगळं सांगावं लागलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेच्या या भागात, धान घरी आलं की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं. पाठांतर करायला वेळ कोणाला? मंचासमोर एक खड्डा असतो. त्यात पेटीवाला, तबलेवाला आणि प्रॉम्प्टर बसतात. प्रॉम्प्टरच्या हातात नाटकाची वही. तो प्रत्येक वाक्य आधी म्हणतो, वरचा नट ते उचलून मोठ्याने म्हणतो. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सगळ्यांची सगळी वाक्यं. राजाची मीच म्हणायचो, खुन्याची मीच आणि खून झालेल्याच्या विधवेचीही मीच. एकतीस वर्षं मी त्या खड्ड्यात बसलो. पोस्टरवर माझं नाव यायचं, 'प्रॉम्प्टर : हिरामण दोनाडकर'. खालून दुसरं. सगळ्यात खाली छापखाना.

पंचफुला वर उभी राहायची. आधी नायिका, मग वहिनी, मग आई, शेवटी सासू. बाकीच्यांना चार-सहा प्रयोगांनंतर अर्धंमुर्धं नाटक पाठ व्हायचं. हिला होत नसे. चाळिसावा प्रयोग असला तरी हिला पहिल्या शब्दापासून सांगावं लागायचं. एक दिग्दर्शक फार चिडायचे. नायकाकडे बघून बोला, बाई, खड्ड्याकडे काय बघता, म्हणायचे. ती म्हणायची, "माझे शब्द तिकडूनच येतात तर मी कुठं बघू जी?"

दिग्दर्शक कपाळाला हात लावायचे. मी पान उलटायचो.

आदल्या दसऱ्याला रोशनी घरी आली तेव्हा तिने आईकडे काम मागितलं होतं. त्यांच्या गेममध्ये नदीवर डोंगा चालवणारी एक म्हातारी होती. तिला आमच्याकडची बोली बोलणारी बाई हवी होती. पंचफुला एका पायावर तयार झाली, पण अट घातली की हे खड्ड्यात बसतील तर मी बोलीन. घरात खड्डा नव्हता. मग खिडक्यांना गाद्या लावल्या, ती दिवाणावर बसली आणि मी खाली दिवाणाला टेकून कागद हातात घेऊन बसलो. माझा आवाज नंतर काढून टाकू, असं रोशनी म्हणाली होती. शिकलेल्या मुलांचा या 'नंतर'वर फार विश्वास असतो.

नंतर आलं तेव्हा पंचफुला नव्हती. पौषात एका सकाळी चुलीजवळ बसली आणि तशीच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंतच होती.

आणि माझा आवाज काही निघत नव्हता. सर सांगत होते की पुण्यातल्या माणसाने चार दिवस प्रयत्न केला. अडचण अशी की माझं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू झालेलं असायचं. माझा शेवटचा शब्द आणि तिचा पहिला शब्द एकावर एक. मला कापलं की ती कापली जायची.

"मध्ये जरा तरी गॅप सोडायचा होता हो, काका."

एकतीस वर्षं या पट्ट्यातले लोक म्हणत आले होते की दोनाडकर आणि त्याच्या बायकोत फट म्हणून पडत नाही. बाकीच्या जोड्यांत पडायची. प्रॉम्प्टर सांगायचा, नटी ऐकायची, मग बोलायची. प्रेक्षकांना तेवढ्यात खोकायला वेळ मिळायचा. आमच्यात नाही. याचा मला अभिमान होता. माणसाने अभिमान कशाचा बाळगावा ते आधी कोणीतरी सांगायला पाहिजे.

"मग आता?" मी विचारलं.

सोमवारी आवाजांचं काम बंद होणार होतं. त्या दिवशी शुक्रवार होता. सरांनी पुण्यातली एक बाई बघून ठेवली होती. ती 'ग्रामीण' छान करते, म्हणाले. त्यांनी तिचा नमुना ऐकवला. "म्या डोंगा हाकते गं बया," असं ती म्हणत होती. आमच्या झाडीपट्टीत 'म्या डोंगा हाकते' म्हणणारा माणूस शोधून मिळणार नाही, पण ती म्हणत होती मोठ्या मनापासून. सर मोकळ्या मनाचे होते. मला विचारल्याशिवाय पंचफुलाच्या जागी दुसरी बाई घ्यायची नाही म्हणून ते एवढ्या लांब आले होते. विचारणार होते, आणि मग घेणार होते.

रोशनी दारात येऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, राहू द्या. घेऊ द्या त्यांना दुसरी बाई. आईला नसतंच आवडलं काही, म्हणू आपण."

तिच्या आईला काय काय आवडलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दसऱ्यानंतर ती गल्लीभर सांगत सुटली होती की मी आता कंप्युटरमध्ये डोंगा चालवणार, या सगळ्या बसायला.

मी सरांना म्हणालो, उद्या सांगतो.

संध्याकाळपर्यंत वेळ काढायचा होता. माझं मन रमावं म्हणून सरांनी मला त्यांचा गेम समजावून सांगितला. तुम्हाला कल्पना येणार नाही, काका, पण हे फार वेगळं माध्यम आहे, असं म्हणाले. यात माणूस नुसता बघत नाही. तो एक भूमिका घेतो, वेष घालतो, हातात तलवार घेतो आणि कोणीतरी लिहिलेल्या जगात शिरतो.

कल्पना खरंच येत नाही, मी म्हणालो. आमच्याकडे असं कुठे होतं.

त्यांना बरं वाटलं. त्यांनी पुढे सांगितलं की हे सगळं जग दिसतं तेवढंच बनवलेलं असतं. राजवाड्याच्या मागे गेलात तर काही नाही. आमच्या राजवाड्याच्या मागे निदान बांबू आणि बिड्या ओढणारे दोघं असत. त्यांनी सांगितलं की गेममधली माणसं नायक येईपर्यंत आपापल्या जागी उभी असतात. मला आमचा हवालदार आठवला. त्याला शेवटच्या प्रवेशात एक वाक्य असायचं, आणि तो पहिल्या अंकापासून पट्टा आवळून विंगेत उभा. त्यांनी सांगितलं की यात मेलेला माणूस पुन्हा उठतो. आमचा नायकही उठायचा, नमस्काराला. पण मी मध्ये बोललो नाही. पुण्याहून आलेल्या माणसाला शोध लागत असेल तर लागू द्यावा.

"आणि मुख्य फरक म्हणजे निवड," सर म्हणाले. "नाटकात वाक्य ठरलेलं असतं. इथे कोणी तुम्हाला काही विचारलं की पडद्यावर तीन वाक्यं येतात. त्यातलं कुठलं बोलायचं ते तुम्ही ठरवायचं."

"ती तीन वाक्यं कोणी लिहिलेली असतात?"

"आम्ही."

"म्हणजे एकाच्या जागी तीन प्रॉम्प्टर."

हे त्यांना आवडलं. त्यांनी मोबाईलवर टिपून घेतलं. पुढे कुठल्याशा भाषणात ते वाक्य त्यांनी म्हटलं, असं रोशनीने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. खड्ड्यातल्या माणसाचं घेत नाहीतच. त्यांना रिवाज माहीत नसताना त्यांनी तो पाळला.

मग त्यांनी मला गेम खेळायला बसवलं. मी एक वाटसरू झालो. घोंगडी, काठी, कमरेला सुरी. बटणं दाबायला सर शिकवत होते. मी गावात शिरलो. चावडीवर एक माणूस होता, त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "काळ मोठा कठीण आला आहे, वाटसरू." मी विहिरीपर्यंत जाऊन परत आलो. तो म्हणाला, "काळ मोठा कठीण आला आहे, वाटसरू."

"हा एवढंच बोलतो?"

"त्याला एकच वाक्य दिलंय. साइड कॅरेक्टर आहे."

त्याच वेळी आमच्या दारात चपला वाजल्या. पलीकडच्या गल्लीतले कुथे मास्तर आले होते. दोन महिन्यांत सातव्यांदा. खुर्चीच्या काठावर बसले, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "देवाच्या मनात होतं, हिरामणजी. तब्येत सांभाळा." मागच्या सहा वेळी हेच म्हणाले होते. मी दर वेळी "हाव जी" म्हणायचो, या वेळीही म्हणालो. ते उठून गेले. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "साइड कॅरेक्टर."

सर हसले आणि मग हसल्याबद्दल त्यांना वाईट वाटलं. त्या दिवसातला मला आवडलेला तेवढाच भाग.

गावाबाहेर नदी होती. घाटाला डोंगा लागलेला आणि डोंग्यात म्हातारी. पंचफुलासारखी मुळीच दिसत नव्हती. नाक कोणाचं, डोळे कोणाचे. मी जवळ गेलो. तिने मान वर केली आणि तोंड हलवलं.

आवाज नव्हता. अजून घातलेलाच नव्हता. ती तोंड हलवत राहिली, खाली अक्षरं आली : 'पल्याड तुजं कोण हाय?' आणि त्याखाली माझ्यासाठी तीन वाक्यं. 'कोणी नाही.' 'माझी माणसं.' 'ते तुला कशाला सांगू?' लिहिणाऱ्याला आपण फार खोल लिहिलं असं वाटलं असणार. मी एकही निवडलं नाही. ती बोलून झाली, तोंड मिटलं आणि बघत राहिली. बायको मुकी झाली होती आणि ती माझ्यामुळे झाली होती. एवढं कळायला तीन वाक्यं लागत नाहीत.

"तुमच्याकडे आहे ते सगळं किती वेळाचं आहे?" मी विचारलं.

"रेकॉर्डिंग? सव्वातीन तास. पण त्यात कामाचं चाळीस मिनिटं असेल. बाकी मधला वेळ. गप्पा, उठणं-बसणं."

"सगळं ऐकलंय तुम्ही?"

सगळं कोणी ऐकलं नव्हतं. पुण्यातल्या माणसाने कागदावरची वाक्यं तेवढी शोधली होती. रोशनीने आई गेल्यापासून एक शब्द ऐकला नव्हता. मी म्हणालो, मला सगळं ऐकायचं आहे. प्रॉम्प्टर पान गाळत नाही. एखादं पान गाळलं तर मेलेला माणूस पुढच्या प्रवेशात जेवायला बसतो. हे आमच्याकडे एकदा झालेलं आहे, आणि त्या वेळी प्रॉम्प्टर मी नव्हतो.

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. रोशनी म्हणाली मला बाजारात काम आहे. काम नव्हतं. मी पिशवी दिली आणि कोबी आण म्हणालो, म्हणजे तिला परत यायला कारण राहील.

पहिला तास ऐकणं जड गेलं. मी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. खड्ड्यात बसून तो कळत नाही. सपाट, नाकातला, घाईचा. भाव घालायचा नसतो, तो नटाचा हक्क. मी म्हणायचो, "डोंग्यात पाय जपून ठेवजो," जशी गाडीची वेळ सांगावी. आणि त्याच्या शेपटावर पाय देऊन ती म्हणायची, "डोंग्यात पाय जपून ठेवजो," की ऐकणाऱ्याने खरंच पाय आवरून घ्यावेत. सरांनी घेतले. मी पाहिलं.

"काय आवाज आहे हो," ते म्हणाले. आणि मग, "काय चिकटून बोललाय तुम्ही."

दोन वाक्यांच्या मध्ये ती माझी खेचायची. तेही होतं त्यात. रोशनी मशीन जुळवत होती तेव्हा मी गप्प बसून होतो, तर ती लेकीला म्हणाली, "बघ तुज्या बापाले. खड्ड्यात बसले का तोंड उघडते. घरी आले का कुलूप." रोशनी हसली. मीही हसलो असेन, पण ते ऐकू येत नव्हतं.

खोटं नव्हतं ते. घरी मी दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचो. त्यातली दोन भाताबद्दल. एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलून माझी जीभ थकलेली असते, असं मी सांगायचो. तिला ते पटलं होतं असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या तासाला शेजारची पिठाची चक्की सुरू झाली. लॅपटॉपमधूनच. रोशनीचा आवाज आला की थांबा, मी त्यांना जरा बंद ठेवायला सांगून येते. पाठोपाठ माझा आवाज आला की तोवर मी टपरीवरून पान घेऊन येतो. चपला वाजल्या. दार वाजलं. मग नुसती चक्की.

"हे पुढे ढकलू का?" सरांनी विचारलं.

"पान गाळायचं नाही," मी म्हणालो.

ते मोबाईल बघत बसले. चक्की बराच वेळ चालली आणि मग थांबली. एकदम शांत झालं. बांगडीचा आवाज आला. पंचफुला स्वतःशीच म्हणाली, "गेले."

आणि मग तिने सुरुवात केली. पहिल्या वाक्यापासून. "ये बाबा, ये. पल्याड जायचं हाय का?" पुढे दुसरं. पुढे तिसरं. वाटसरूने 'कोणी नाही' म्हटलं तर काय बोलायचं ते, 'माझी माणसं' म्हटलं तर काय बोलायचं ते. सगळं ओळीने. एक शब्द इकडचा तिकडे नाही. घाई नाही. जिथे थांबायचं तिथे थांबत होती, वाटसरूला विचार करायला वेळ देत होती. सरांच्या हातातला मोबाईल हळूहळू खाली आला. त्यांनी टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि ओळीवर बोट ठेवून ऐकू लागले. त्यांचं बोट कागदाच्या शेवटापर्यंत गेलं. ती शेवटचं वाक्य म्हणून थांबली आणि थोडी हसली, चोरून गूळ खाल्ल्यासारखी.

दार वाजलं. चपला. माझा आवाज आला, तोंडात पान भरलेलं : "कुठवर आलो होतो आपण?"

आणि ती म्हणाली, "मले आठवत नाही बाप्पा. तुमीच सांगा."

मग मी पुन्हा वाचायला लागलो, सपाट, नाकातून. ती माझ्या मागून म्हणू लागली.

सरांनी लॅपटॉप थांबवला. ते उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "काका, झालं. सगळं मिळालं. स्वच्छ आहे, एकही आवाज नाही मागे." मग म्हणाले, "पण मला एक कळत नाही. त्यांना सगळं पाठ होतं. मग तुम्हाला कशाला बसवलं?"

"विसरभोळी होती," मी म्हणालो.

"अहो, आता तर आपण ऐकलं..."

"सर, तुमचं काम झालं ना?"

त्यांचं काम झालं होतं. ते फोनवर पुण्याला सांगायला अंगणात गेले. मी दिवाणाला टेकून खाली बसलो. दसऱ्याला बसलो होतो त्याच जागी.

आमचं एक नाटक होतं, त्याचे दोनशेच्या वर प्रयोग झाले. त्यात शेवटच्या अंकात नायक पंचफुलाला म्हणतो, "या जन्मी तुझ्यावाचून मला दुसरं घर नाही." नायक सहा बदलले. एक दारू प्यायचा, एक निवडणुकीला उभा राहिला. वाक्य सगळ्यांना मीच दिलं. खड्ड्यात बसून, पान उलटता उलटता, तिच्याकडे न बघता. बघितलं तर ओळ चुकते. आणि दर वेळी, नायकाने तोंड उघडायच्या आधीच, तिचे डोळे पाण्याने भरलेले असायचे. प्रेक्षक तिच्या त्या जागेला टाळी द्यायचे. दिग्दर्शक ओरडायचे, बाई, त्याला बोलू तरी द्या आधी, आणि बघा तरी त्याच्याकडे.

एकदा मीच तिला म्हटलं होतं की एवढं एक नाटक तरी पाठ कर, लोक हसतात. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मी पाठ केलं तर मंग तुमी काय कराल?" मला वाटलं, माझ्या कामाची काळजी आहे. मी तिला समजावलं होतं की नाटक कंपनी मोठी आहे, बाकीच्यांना सांगायला मी लागेनच. तिने मान डोलावली होती आणि तवा घासायला घेतला होता.

एवढ्या वर्षांत माझी एक ओळ चुकली नाही म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

रोशनी कोबी घेऊन आली. मला खाली बसलेलं बघून घाबरली. मी म्हणालो, आईचं काम मिळालं, पुण्याच्या बाईला कळव की तिने डोंगा दुसरीकडे हाकावा. मग तिला तो भाग लावून दिला आणि मी आत जाऊन कोबी चिरत बसलो. बाहेर लॅपटॉपमधली चक्की थांबल्याचं ऐकू आलं. "गेले" ऐकू आलं. पुढचं मी ऐकलं नाही. कोबी फार बारीक झाला.

थोड्या वेळाने ती आत आली. डोळे पुसलेले होते. तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि म्हणाली, "बाबा, आईले सगळं येत होतं."

"हाव."

"मंग तुमाले कळलं नाही कधीच?"

"कागद माझ्या हातात होता," मी म्हणालो. "मी कागदाकडे बघत होतो."

तिने पुढे विचारलं नाही. ती तिच्या आईसारखी आहे, कुठे थांबायचं ते तिला कळतं.

याला आता सात वर्षं झाली. गेम आला, थोडे दिवस चालला आणि मागे पडला. नाटकासारखंच. देवस्थळी सरांची कंपनी आता लहान मुलांना पाढे शिकवायचं काहीतरी बनवते. त्यातही मुलं एक भूमिका घेतात म्हणे. मी खड्ड्यात परत गेलो नाही. आता नवी पोरं कानात छोटं यंत्र घालतात, प्रॉम्प्टर विंगेत बसून त्यांच्या कानात बोलतो. कोणाला खड्ड्याकडे बघायची गरज राहिली नाही.

रोशनीने तिचा जुना लॅपटॉप मला दिला. गेम आला त्या महिन्यात ती दोन दिवसांसाठी घरी आली होती, तेव्हा तिने तो घालून दिला आणि बटणं कागदावर लिहून दिली. जाताना म्हणाली, "डोंग्याजवळ गेले का लगेच वाक्य निवडू नका. जरा थांबजा." का, ते सांगितलं नाही.

ती गेल्यावर दुपारी मी बसलो. घोंगडी, काठी, सुरी. चावडीवरचा म्हणाला की काळ मोठा कठीण आला आहे. मी त्याला हाव जी म्हटलं आणि घाटावर गेलो. म्हातारीने मान वर केली. या वेळी आवाज होता. "पल्याड तुजं कोण हाय?" खाली तीन वाक्यं आली. मी हात मांडीवर ठेवले आणि थांबलो.

नाटकात एवढा वेळ कोणी थांबू देत नाही. प्रेक्षक शिट्ट्या मारतात. इथे नदी वाहत होती, डोंगा हलत होता, ती माझ्याकडे बघत होती. मिनिटभर गेलं असेल. मग ती म्हणाली, "मले आठवत नाही बाप्पा. तुमीच सांगा."

खेळणाऱ्या पोरांना वाटत असणार की म्हातारी विसरभोळी आहे, ती हसत असतील आणि बटण दाबून पुढे जात असतील. त्यांना पल्याड काम असतं.

मला नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. समोर तीन वाक्यं चमकत होती, छान लिहिलेली, पण त्यातलं एकही मला म्हणायचं नव्हतं. दुसरं काय म्हणायचं ते सुचेना. कागद नव्हता. पुन्हा मिनिट गेलं आणि तिने पुन्हा विचारलं.

मग मी तिला सांगितलं की रोशनी सकाळच्या गाडीने गेली. आणि आज कोबी केला होता, मीठ जास्त पडलं.